बाबांची लिक्विड बायोप्सी निगेटिव्ह आली, मग परत सुई कशाला?

प्रश्न दोनदा वाचला. मला कळलेली परिस्थिती अशी. बाबा ६७ वर्षांचे, फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार), स्टेज ४. पहिल्या बायोप्सीत ईजीएफआर जीनमधलं एक्सॉन १९ डिलीशन (जीनचा छोटा तुकडा गळाल्याचं म्युटेशन, म्हणजे बदल) सापडलं म्हणून त्यावर चालणारी गेफिटिनिबची गोळी सुरू झाली, सव्वा वर्ष छान गेलं, आणि आता स्कॅनमध्ये दोन नवे नोड्यूल (छोट्या गाठी) आणि जुनी गाठ थोडी वाढलेली. डॉक्टरांनी रक्तावर लिक्विड बायोप्सी (गाठीतून रक्तात आलेला डीएनए शोधणारी टेस्ट) करायला लावली, रिपोर्टवर ठळक अक्षरात "टी७९०एम नॉट डिटेक्टेड" आलं, घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि डॉक्टर मात्र म्हणतायत की परत सुईची बायोप्सी करूया. तुम्ही विचारताय, रक्ताची टेस्ट एवढी आधुनिक आहे तर परत सुई कशाला? आणि शेवटी असंही विचारलंय की तुम्ही स्वतः ती एका नळीत पन्नास कॅन्सर शोधणारी टेस्ट करून घ्यावी का.

आधी माझ्याबद्दल. मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये गाठीचे आणि रक्तातले जीन तपासणारी, पेशंटला मी कधी दिसत नाही पण असे रिपोर्ट ज्यांच्या सहीने बाहेर पडतात त्यातली एक. बाबांचं स्कॅन, त्यांची ताकद, बाकीचे आजार यातलं काहीच माझ्यासमोर नाही, त्यामुळे कुठलं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही, ते त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टनेच ठरवायचं. पण तो कागद कसा वाचायचा एवढं नक्की सांगू शकते. सगळा घोळ त्या "नॉट डिटेक्टेड" या दोन शब्दांत आहे.

पहिली गोष्ट, घरचे खूश का झाले ते मला समजतं, निगेटिव्ह म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. पण इथे उलटं आहे. गेफिटिनिबसारख्या पहिल्या पिढीच्या गोळ्या काम करेनाशा होतात तेव्हा साधारण अर्ध्याहून जास्त पेशंट्समध्ये त्याचं कारण टी७९०एम हे नवं म्युटेशन असतं, आणि नेमकं त्याच्यावर चालणारी गोळी आहे, ओसिमर्टिनिब. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑरा-३ ट्रायलमध्ये टी७९०एम असलेल्या पेशंट्सचा आजार या गोळीवर सरासरी (म्हणजे मीडियन) १०.१ महिने आटोक्यात राहिला, केमोवर ४.४ महिने. म्हणजे टी७९०एम सापडणं हीच त्यातल्या त्यात चांगली बातमी असते. डॉक्टर सुईच्या मागे लागलेत ते यासाठी की रक्तात नाही दिसलं तरी गाठीत ते असू शकतं, आणि असेल तर बाबांना केमोऐवजी गोळी मिळेल.

आता रक्तात का दिसत नाही, ते सांगते. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे होऊन रक्तात येतात, एकेक तुकडा साधारण १६७ अक्षरांचा, कारण डीएनए ज्या प्रोटीनच्या रिळाला गुंडाळलेला असतो त्या एका रिळाएवढाच भाग वाचतो, बाकीचा कापला जातो. हे तुकडे रक्तात असतात हे १९४८ पासून माहीत आहे, मँडेल आणि मेते या दोघांनी तेव्हा ते दाखवलं होतं. हे तुकडे फार टिकत नाहीत, पाव तास ते दोन-अडीच तासांत निम्मे साफ होतात. म्हणून ही टेस्ट म्हणजे आजचा फोटो असतो, आणि हा तिचा मोठा फायदाही आहे. पण यातले बहुतेक तुकडे कॅन्सरचे नसतातच, ते आपल्या रोज मरणाऱ्या साध्या रक्तपेशींचे असतात. गाठीचा वाटा कोणात १० टक्के असतो, कोणात ०.०१ टक्का.

थोडं गणित करूया, कारण इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. १० मिलीच्या नळीतून ४-५ मिली प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) निघतो. दोन नळ्या मिळून समजा ३० नॅनोग्रॅम डीएनए मिळाला. एका नॅनोग्रॅममध्ये माणसाच्या जीनोमच्या साधारण ३०० प्रती असतात, म्हणजे हातात आल्या ९ हजार प्रती. गाठीचं म्युटेशन ०.१ टक्का असेल तर ९ प्रतींवर दिसणार, त्यातल्याही काही काढता-काढता, धुता-धुता हरवतात. ०.०१ टक्का असेल तर एक प्रतसुद्धा नळीत नाही! मशीन कितीही भारी घ्या, नळीत जे आलंच नाही ते मशीन कुठून वाचणार.

आणि कुणाची गाठ किती डीएनए सोडते हे गाठीवर आहे. लिव्हरमध्ये पसरलेला आजार भरपूर सोडतो. फक्त फुफ्फुसात छोटे छोटे नोड्यूल असतील तर कमी. मेंदूतल्या गाठी तर जवळपास काहीच सोडत नाहीत, पोटाच्या आवरणावर पसरलेला आजारही बराचसा लपून राहतो. तुमच्या लिहिण्यावरून बाबांचा आजार सध्या छातीतच दिसतोय, म्हणजे कमी सोडणाऱ्यांत बसण्याची शक्यता बऱ्यापैकी.

आता तुम्ही एक करा, रिपोर्ट हातात घ्या आणि टी७९०एमची ओळ सोडून त्याच तक्त्यात एक्सॉन १९ डिलीशनची ओळ शोधा. हे म्युटेशन बाबांच्या गाठीत आहे हे पहिल्या बायोप्सीपासून पक्कं माहीत आहे, ते मुळातलं आहे, गाठीच्या जवळपास प्रत्येक पेशीत असणार. रक्तात गाठीचा डीएनए पुरेसा आला असेल तर हे दिसायलाच हवं.

समजा तिथे "डिटेक्टेड, ४ टक्के" असं काहीतरी आहे आणि टी७९०एम नाही. मग गाठीचा डीएनए नळीपर्यंत पोचला होता, त्यात टी७९०एम शोधलं आणि मिळालं नाही, या निगेटिव्हला वजन आहे. अर्थात शंभर टक्के नाही, कारण टी७९०एम गाठीच्या काही भागातच असेल तर त्याचा टक्का मूळ म्युटेशनपेक्षा बराच कमी असतो. पण इथे विचार दुसरीकडे वळवावा लागतो, गोळी का चालेना याचं कारण वेगळं असू शकतं, उदाहरणार्थ मेट जीनच्या प्रती वाढणं, किंवा गाठीने रूपच बदलून स्मॉल सेल प्रकार होणं. हे रूप बदलणं रक्तात कळत नाही, त्यासाठी पेशी मायक्रोस्कोपखाली बघाव्या लागतात आणि पेशी सुईशिवाय मिळत नाहीत.

आणि समजा एक्सॉन १९ च्या ओळीतही "नॉट डिटेक्टेड" आहे. मग तो रिपोर्ट टी७९०एमबद्दल काहीच सांगत नाही. गाठीचा डीएनए त्या नळीत आलाच नाही एवढाच त्याचा अर्थ. बंद दार वाजवलं, आतून उत्तर आलं नाही, यावरून घरात कोणी नाही असं थोडंच म्हणता येतं.

तिसरी शक्यता, जी तुमच्या बाबतीत घडली नाही, ती म्हणजे रक्तात टी७९०एम सापडणं. तसं झालं असतं तर मी डॉक्टरांना सांगितलं असतं की सुईची गरज नाही, गोळी सुरू करा. २०१६ मध्ये ओसिमर्टिनिबच्या सुरुवातीच्या ट्रायलमधल्या पेशंट्सचं विश्लेषण आलं होतं, त्यात रक्तात टी७९०एम दिसलेल्या लोकांना गोळीचा फायदा गाठीत दिसलेल्या लोकांइतकाच झाला होता, पण गाठीत टी७९०एम असलेल्यांपैकी रक्तात ते साधारण ७० टक्के लोकांमध्येच पकडलं गेलं. म्हणजे दहातले तीन निसटले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, पहिल्यांदा रक्तावरच्या ईजीएफआर टेस्टला औषध ठरवण्यासाठी मान्यता दिली, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की रक्तात निगेटिव्ह आल्यास गाठीच्या तुकड्यावर तपासा. तेव्हा तुमचे डॉक्टर काही जास्तीचं करत नाहीयेत, जे करायला हवं तेच करतायत.

इथे नळीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी आमच्याकडे एक डबा आला, आत रक्ताच्या दोन नळ्या आणि चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या. पाठवणाऱ्याला वाटलं असणार की थंड ठेवलं की चांगलं राहतं. पण या टेस्टच्या खास नळ्यांमध्ये पेशी फुटू नयेत म्हणून द्रव्य असतं आणि त्या साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायच्या असतात, फ्रिज नाही, बर्फ तर नाहीच. सेंट्रिफ्यूजमधून काढलं तर प्लाझ्मा फिकट पिवळा असायला हवा, तो सरबतासारखा गुलाबी. म्हणजे पेशी फुटल्यात, आणि पांढऱ्या पेशी फुटल्या की त्यांचा साधा डीएनए भसकन प्लाझ्मात येतो, गाठीचा आधीच थोडा असलेला वाटा त्यात आणखी पातळ होतो. मी नवीन सॅम्पल मागितलं, समोरून उत्तर आलं की पेशंट लांबून येतो, आहे त्यावर करा. केलं. निगेटिव्ह आलं. मी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "सॅम्पलचा दर्जा कमी" असं लिहून सही केली. ती ओळ कोणी वाचलीच नाही. तीन आठवड्यांनी नवीन रक्त आलं, त्यात टी७९०एम सरळ दिसलं. चूक माझीही होतीच, तेव्हापासून दर्जाची ओळ मी पहिल्या पानावर, निकालाच्या वर टाकते.

म्हणून तुम्हीही विचारा, रक्त कुठल्या नळीत घेतलं, किती वेळाने प्लाझ्मा वेगळा केला (साध्या ईडीटीए नळीत असेल तर काही तासांतच करावा लागतो), आणि मुख्य म्हणजे रक्त घेतलं तेव्हा आजार वाढत होता का. नवीन उपचार चालू करून मग रक्त घेतलं तर गाठ दबलेली असते आणि डीएनए कमी सोडते. ऑपरेशननंतरही लगेच घेण्यात अर्थ नसतो, जखमेमुळे साधा डीएनए काही आठवडे इतका वाढलेला असतो की त्यात गाठीचा शोधणं अवघड, त्यामुळे साधारण चार आठवडे थांबतात.

उलटी बाजूही आहे. रक्तात जे "सापडलं" तेही प्रत्येक वेळी कॅन्सरचं असतं असं नाही. वय वाढतं तसं अस्थिमज्जेतल्या काही पेशींमध्ये म्युटेशन जमा होतात आणि त्यांची पिल्लावळ रक्तात फिरते, याला क्लोनल हिमॅटोपोएसिस म्हणतात. डीएनएमटी३ए, टेट२, एएसएक्सएल१ ही त्यातली नेहमीची नावं, पण टीपी५३, जेएके२, एटीएम हेही त्यात येतात. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात कॅन्सर पेशंट्सच्या प्लाझ्मात सापडलेल्या म्युटेशनपैकी निम्म्याहून जास्त या रक्तपेशींचीच निघाली. माझ्याकडे एका प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटचा रिपोर्ट असाच सहीला आला होता, एटीएममध्ये म्युटेशन, १.२ टक्के, आणि त्यावर पार्प इन्हिबिटर गटाचं औषध सुरू करायचं असं जवळपास ठरलेलं. मला ते जरा खटकलं, त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए वेगळा काढून तपासला, तर तिथेही तेच म्युटेशन, तेवढ्याच टक्क्याने. गाठीशी त्याचा काही संबंध नव्हता, नको ते औषध थोडक्यात टळलं. तेव्हा बाबांच्या रिपोर्टमध्ये टीपी५३ वगैरे काही दिसलं तर रात्री दोनला इंटरनेटवर शोधत बसू नका, लॅबला विचारा की पांढऱ्या पेशींशी ताडून पाहिलंय का.

आणि एखादं म्युटेशन ५० टक्क्यांच्या आसपास दिसलं, खासकरून बीआरसीए१ किंवा बीआरसीए२, तर ते जन्मजात असू शकतं, मग वेगळी तपासणी आणि घरातल्यांसाठी जेनेटिक काउन्सेलिंग हा पुढचा विषय. तुमच्या मनात ही भीती असेल म्हणून सांगते, एक्सॉन १९ डिलीशन हे गाठीत तयार झालेलं म्युटेशन आहे, ते बाबांकडून तुमच्याकडे आलेलं नाही.

इतकं सगळं वाचून वाटेल की मग ही टेस्ट करायचीच कशाला. तर तसं अजिबात नाही, मी रोज करते आणि योग्य जागी ती फार कामाची आहे. पहिल्या बायोप्सीत तुकडा इतका छोटा असतो की निदानातच संपतो, जीन तपासायला काही उरत नाही, तिथे रक्त वाचवतं. गाठ अशा ठिकाणी आहे की सुई घालणं धोक्याचं, तिथेही. हार्मोनवर चालणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये उपचारादरम्यान ईएसआर१ म्युटेशन नव्याने येतं, ते जुन्या बायोप्सीत नसतंच, तिथे ताजं रक्त जास्त खरं सांगतं, आणि २०२३ मध्ये एफडीएने एलासेस्ट्रंट या गोळीला मान्यता दिली ती रक्तावरच्या टेस्टसोबतच. मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं उदाहरण म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टेज २ कॅन्सरवरची २०२२ ची डायनॅमिक ट्रायल, ४५५ पेशंट्स. ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त तपासून ज्यांच्यात गाठीचा डीएनए उरलाय त्यांनाच केमो दिली. नेहमीच्या पद्धतीने २८ टक्के लोकांना केमो मिळाली, रक्त बघून ठरवल्यावर १५ टक्के, आणि दोन वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, अनुक्रमे ९२.४ आणि ९३.५ टक्के. म्हणजे बऱ्याच लोकांची केमो टळली. पण लक्षात घ्या, तिथे आधी प्रत्येकाची गाठ वाचून तिची म्युटेशन्स माहीत करून घेतली होती आणि मग नेमकी तीच रक्तात शोधली. गाठीच्या तुकड्याशिवाय तेही जमलं नसतं.

"पर्सनलाइज्ड मेडिसिन" या शब्दाचा हल्ली फार गाजावाजा होतो म्हणून जरा बोलते. चाळीस पानी रिपोर्ट येतो, रंगीत तक्ते असतात, आणि त्यातली उपचार बदलणारी ओळ एखादीच असते, कधी तीही नसते. दुसरीकडे डीपीवायडीसारखी साधी टेस्ट, जी ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं देण्याआधी सांगते की या माणसाचं शरीर हे औषध पचवेल का, आणि ज्यांचं पचवत नाही त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो, २०२० पासून युरोपच्या औषध नियामकाची शिफारसही आहे, ती मात्र विसरली जाते. माझ्या मते ती जास्त पर्सनल आहे. असो, बाबांना ही औषधं नाहीत.

आता तुमची स्वतःची टेस्ट. अनेक कॅन्सर एकदम शोधणाऱ्या टेस्टपैकी जिचा सर्वात जास्त अभ्यास झालाय तिचे २०२१ चे आकडे सांगते. स्टेज ४ चे कॅन्सर तिने ९० टक्के पकडले, स्टेज १ चे मात्र १७ टक्क्यांच्या आतबाहेर. कारण तेच, वरचं गणित, छोटी गाठ नळीत प्रती पाठवतच नाही. निरोगी माणसाला चुकून पॉझिटिव्ह म्हणण्याचं प्रमाण ०.५ टक्का, ऐकायला कमी वाटतं, पण हजार निरोगी लोकांत पाच जणांना विनाकारण स्कॅनच्या फेऱ्या. तुम्हाला करायचीच असेल तर डॉक्टरांशी बोलून करा, पण निगेटिव्ह आली म्हणून मॅमोग्राम, पॅप टेस्ट, कोलोनोस्कोपी यातलं जे तुमच्या वयाला लागू असेल ते सोडू नका. आणि तुम्ही स्मोकिंग करत असाल तर लो-डोस सीटीबद्दल (कमी रेडिएशनचं छातीचं स्कॅन) विचारा, तुमच्या फुफ्फुसासाठी तेच जास्त उपयोगी.

परत बाबांकडे. सुईची भीती बरोबर आहे, फुफ्फुसात सुई घातल्यावर कधी कधी हवा बाहेर येऊन फुफ्फुस थोडं आकसतं, त्यासाठी नळी टाकावी लागू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारा की दुसरी सोपी जागा आहे का, मानेतली लिम्फ नोड वाढलीय का, छातीत पाणी झालंय का. पाणी असेल तर ते काढून त्यातल्या पेशींवर मॉलिक्युलर टेस्ट बऱ्याचदा होऊन जाते आणि पेशंटला दमही कमी लागतो. मात्र काढलेलं पाणी सगळं लॅबला द्या, थोडंसं पाठवून बाकीचं ओतून देतात हे मी नेहमी बघते.

रिपोर्टमध्ये एक्सॉन १९ च्या ओळीपुढे काय आहे ते बघून इथे लिहा. टक्का लिहिलेला असेल तर डॉक्टरांना विचारा की सुईची तारीख मिळेपर्यंत त्याच प्लाझ्मावर मेटसकट मोठं पॅनल (एकदम अनेक जीन तपासणारी टेस्ट) लावता येईल का, आणि तिथेही नॉट डिटेक्टेडच असेल तर सुईची तारीख पुढे ढकलू नका.